जोडीचं घर

डोंबिवली पूर्व
१० फेब्रुवारी २०२५

चि. मुकुल,

आशीर्वाद. रागात दिलेले आहेत, पण आशीर्वादच आहेत, ठेवून घे.

आईच्या तेराव्यापासून आपण बोललेलो नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी भांडेन, म्हणून लिहितेय. तुझा ठाण्याचा टेंभी नाका काही परदेशात नाही, दोन-तीन दिवसांत पत्र पोचेल. वाचून फाडलंस तरी चालेल, पण वाच.

काम एकच आहे. आपली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय. मेअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची, बिल्डर तीन वर्षं भाडं देणार, मग नव्या टॉवरमध्ये जागा. (तीन वर्षं हे बिल्डरचं गणित आहे, तू आपलं समजून घे.) कमिटीचं म्हणणं, प्रत्येक घराला सारखंच भाडं. ऐकायला किती छान वाटतं! पण तेवढ्या भाड्यात मिळतात ती घरं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची, बिनलिफ्टची. मला तळमजला हवा, दारात पायरी नको, संडासाच्या दारातून खुर्ची आत गेली पाहिजे. आणि रंगूबाईला चालत येता येईल इतकं ते घर जवळ हवं, कारण सकाळ-संध्याकाळ मला उचलायला आणि आंघोळ घालायला तीच येते. असं घर महाग पडतं. वाढीव भाडं मिळालं तर मी डोंबिवलीत राहीन. नाही मिळालं तर कुठे जावं लागेल ते तुला माहीत आहे. कल्याणपलीकडच्या त्या अपंगांच्या संस्थेचं रंगीत पत्रक तेराव्याला तूच टीपॉयवर ठेवून गेला होतास. अजून आहे ते माझ्याकडे. त्यावर मी गरम पातेलं ठेवते.

घर आता आपल्या दोघांच्या नावावर आहे, तेव्हा करारावर तुझीही सही लागणार. माझी त्यांनी आधीच घेतलीय, भाड्याचा हिशेब मला कळायच्या आत. कमिटी वाढीव भाडं मान्य करत नाही तोवर सही करू नकोस. बाकी काही मागत नाही.

आता एक गंमत ऐक. परवा रसिका नावाची एक मुलगी आली होती, ठाकुर्लीची. मुंबईतल्या कुठल्याशा संशोधनासाठी घरोघर फिरते. घरात अपंग माणूस असलं की जगण्याचा खर्च किती वाढतो, ते मोजतात म्हणे. शब्द बोलताना फार अडखळत होती बिचारी, दिव्यांग म्हणू की काय म्हणू. मी म्हटलं, "सरळ बोल गं, मला सगळं चालतं. चालत नाही ते फक्त पायांना." त्यावर हसावं की नाही तेही तिला कळेना.

मी विचारलं, असा खर्च मोजतात तरी कसा? तर म्हणाली, "थेट विचारलं की लोकांना सांगता येत नाही, ताई. औषधं आणि रिक्षा एवढंच आठवतं. म्हणून आम्ही जोडी लावतो. एकाच बिल्डिंगमधली, सारख्याच उत्पन्नाची, तेवढ्याच माणसांची दोन घरं. एक तुमच्यासारखं, एक नेहमीचं. दोन्ही घरांत काय काय आहे, कुठे जाणं-येणं होतं, ते विचारायचं. तेवढ्याच पैशांत त्यांना जे जमतं आणि तुम्हाला जमत नाही, तो तुमचा जादा खर्च."

मला एकदम पटलं. वधूवर मंडळासाठी दिवसभर फोनवर मी तरी दुसरं काय करते? जोड्याच लावते. मी तिला धंद्यातली अक्कलही शिकवली, की बायोडेटात प्रत्येक मुलगा दोन इंच उंच असतो आणि प्रत्येक मुलगी गृहकृत्यदक्ष असते, तेव्हा माणसं सांगतील ते जसंच्या तसं धरू नकोस.

माझ्या जोडीला कोण मिळालं सांग? आपल्या डोक्यावरची नीलाताई. तीही एकटी. तिच्या मिस्टरांची पेन्शन आणि माझा मंडळाचा पगार अधिक आईच्या ठेवींचं व्याज, जवळपास बरोबरीला येतं. ती नेहमीसारखी दुपारची ताकाचा तांब्या घेऊन खाली आलीच होती. रसिका म्हणाली, दोघींना वेगवेगळं विचारायची पद्धत आहे. मी म्हटलं, "आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?" नीलाताईही म्हणाली, "हो गं बाळ, इथेच विचार. मला परत जिना चढायला लावू नकोस." मग आमच्याच टेबलाशी दोघींची परीक्षा झाली.

मी झकास उत्तरं दिली. बाहेर जेवायला जाता? हो, अधूनमधून. नवे कपडे? हो तर. पैशांपायी औषध टाळलंत कधी? छे. दुपारी एकट्या असता, संडास-बाथरूमची अडचण होते? सवय आहे. (दुपारी मी पाणी पीतच नाही, म्हणजे संध्याकाळी रंगूबाई येईपर्यंत प्रश्न येत नाही. हे काय नीलाताईसमोर सांगायचं?) गेल्या वर्षी सणासुदीला घराबाहेर गेलात? हो, दिवाळीत फडके रोडला, भावाबरोबर. घाबरू नकोस, तुझं नाव नाही सांगितलं.

नीलाताईची उत्तरं ऐकून मात्र वाईट वाटलं. एसी नाही. वॉशिंग मशीन? "हातानेच धुते, तेवढाच व्यायाम." सहल? "छे गं, कुठली सहल." नाशिकला बहिणीकडे जाते तेवढंच तिचं. मला उगाच वाटायचं, की वर तिचं बरं चाललं असेल. माझं आपलं त्यातल्या त्यात भागतं म्हणायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची. मी मूठ चांगली घट्ट झाकली.

सही करू नकोस.

तुझी,
ताई

---

डोंबिवली पूर्व
१७ मार्च

चि. मुकुल,

उत्तर नाही. ठीक आहे. देवयानीने तरी नवऱ्याचं पत्र उघडून वाचलं असेल असं धरून चालते. तिच्याशी माझं भांडण नाही.

मधले काही दिवस मी तापाने पडून होते. लघवीचा संसर्ग झाला होता, विशेष काही नाही. डॉक्टर म्हणाले, दिवसभर पाणी पीत जा. मी मान डोलावली. रंगूबाई बाजूलाच उभी होती, ती माझ्याकडे बघत होती.

घरं शोधतेय. एजंट आनंदा म्हणून आहे, रोज फोन करतो. "ताई, ग्राउंड फ्लोअरच आहे, फक्त चार पायऱ्या." मी म्हटलं, अरे, चार पायऱ्या असतील तर तो ग्राउंड कसला? "मग ताई, एक आहे बघा, एकपण पायरी नाही." फोटो मागवले तर गाळा निघाला, आत संडासच नाही. नव्या इमारतींत तळाला गाड्या राहतात, माणसं राहतच नाहीत. शेवटी एक घर मिळालं, आपल्याच गल्लीच्या मागे, रुंद दारांचं, रंगूबाईच्या वाटेवरचं. व्हिडिओवर पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते मला हवं होतं. भाडं अर्थातच बिल्डर देतोय त्याच्या दीडपट. वर मालक म्हणतात, तुमच्या खुर्चीने फरशीला चरे पडतील, तर डिपॉझिटही जास्त. एप्रिलअखेरपर्यंत थांबायला मात्र तयार झालेत.

कमिटीला अर्ज दिला. सेक्रेटरी त्र्यंबकराव स्वतः घरी आले. माणूस वाईट नाही. चहा घेतला, आईची आठवण काढली आणि म्हणाले, "नीरजा, माझ्या हातात असतं तर आत्ता लिहून दिलं असतं. पण उद्या चौथ्या मजल्यावरचे म्हणतील आमचे गुडघे दुखतात, आम्हालाही द्या. काहीतरी पुरावा आण. तुला इतरांपेक्षा जगायला जास्त लागतं, असं कुणा जाणकाराचं लिखित आण. मी सभेत वाचून दाखवतो, बिल्डरलाही दाखवतो."

मला लगेच रसिका आठवली. जो प्रश्न त्र्यंबकराव विचारत होते, त्याचंच उत्तर शोधत ती पोर उन्हातान्हात फिरत होती. तिला फोन केला. ती म्हणाली, "ताई, पूर्ण अहवालाला वेळ आहे. तुम्ही दोघींनी परवानगी दिलीत तर फक्त तुमच्या जोडीचं पत्र सर देतील. पण एका जोडीवरून काही ठरवायचं नसतं." मी म्हटलं, दे गं, नसल्यापेक्षा बरं. माझ्या उत्तरांचं मला थोडं खुपत होतं, नाही असं नाही. पण मी मनाची समजूत घातली, की मुलगी हुशार आहे, तिने घर डोळ्यांनी पाहिलंय. पंधरा वर्षांचा सोफा, रंगाचे पोपडे, बाथरूममध्ये धरायला बांधलेल्या दोऱ्या. माझ्यासारखीच तीही दोन इंच वजा करून धरेल.

नीलाताईने परवानगीवर सही केली. पेन हातात धरून जरा थांबली होती. मी म्हटलं, चष्मा देऊ का? "नको गं," म्हणाली आणि केली.

पाकीट कालच आलं. मी उघडलं नाही. उघडलेलं पाकीट दिलं की लोक म्हणणार, हिने आत काही केलं असेल. तसंच बंद त्र्यंबकरावांकडे दिलं. आई असती तर तिनेही हेच केलं असतं.

पुढच्या महिन्यात सभा आहे. तोवर तुझी सही हाच माझा आधार आहे.

तुझी,
ताई

---

डोंबिवली पूर्व
१४ एप्रिल

मुकुल,

काल सभा झाली. गच्चीवर. आपल्या सोसायटीची सभा नेहमी गच्चीवरच होते, वारा येतो म्हणून. मी कधी वर गेलेली नाही आणि कुणाला कधी त्यात काही वाटलेलं नाही, मलासुद्धा. नीलाताई वर गेली आणि तिने फोन चालू ठेवला, म्हणजे मला खाली ऐकू येईल.

माझा विषय शेवटी आला. त्र्यंबकरावांनी पाकीट फोडल्याचा आवाज मी ऐकला. ते शाळेत धडा वाचावा तसे सावकाश वाचत होते. दोन्ही घरांतल्या वस्तू, बाहेर जाणं-येणं, सणवार, औषधोपचार, सगळं ओळीने. मग शेवटचं वाक्य. उत्पन्न समान असून दोन्ही घरांच्या राहणीमानात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांचाच विश्वास बसला नसावा.

कुणीतरी म्हणालं, "मग प्रश्नच मिटला." दुसरं कुणी म्हणालं, "नीरजाताईंचं कौतुक आहे हां, एवढं असून आपल्यासारखंच राहतात." चक्क टाळ्या वाजल्या, मुकुल. माझ्यासाठी. मी खाली स्वयंपाकघरात बसून त्या ऐकल्या.

नीलाताईचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, तीही माझ्यासारखीच गारठली असेल.

एकीकडे मला हसूही येत होतं. मीच सांगितलं होतं ना, बाहेर जेवते, कपडे घेते, फडके रोडला जाते? त्या पोरीने काही वजा केलं नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आयुष्यभर खोट्या बायोडेटांवर पोट भरणारी मी, आणि स्वतःचा असा भरून बसले.

आता तुझं. मी त्र्यंबकरावांना फोनवरच ओरडून सांगितलं, की माझ्या भावाची सही नाहीये, ती होईपर्यंत काही ठरवता येणार नाही. तर ते हळू आवाजात म्हणाले, "अगं, मुकुलची सही तर आली. वीस फेब्रुवारीला स्वतः येऊन करून गेला."

वीस फेब्रुवारी. म्हणजे माझं पत्र मिळाल्यावर. तू या बिल्डिंगमध्ये आलास, दुसऱ्या विंगमध्ये त्र्यंबकरावांकडे बसलास, चहा प्यायलास आणि गेलास. माझ्या दारावरून गेला असशील. दुपारची वेळ होती म्हणे. दुपारी मी एकटीच असते. दार नुसतं लोटलेलं असतं, तुला माहीत आहे.

तुला बिल्डरच्या पैशांची गरज असेल, ऋतुराजच्या शाळेची फी असेल, घराचा हप्ता असेल. मी समजून घेतलं असतं. दारातून नुसती "ताई" अशी हाक मारली असतीस तरी मी तुला बस म्हटलं असतं. आज तुला आशीर्वाद लिहीत नाही.

नीरजा

---

डोंबिवली पूर्व
२४ मे

मुकुल,

परत लिहिणार नव्हते. पण हे दुसऱ्या कुणाला सांगणार? ज्या माणसाला सांगते तिच्याबद्दलच आहे.

आज नीलाताईचं सामान हललं. ती याच रस्त्यावर पुढे भाड्याने जातेय, दुसऱ्या मजल्यावर. मी सकाळपासून दारात खुर्ची लावून बसले होते, म्हटलं जाताना पाणी-बिणी लागेल हमालांना. जिना माझ्या दारासमोरच उतरतो.

तुला एक सांगते, ते तुझ्या कधी लक्षात आलं नसेल. माझे पाय गेले त्या ऑपरेशननंतरच्या अकरा वर्षांत मी नीलाताईचं घर पाहिलेलं नाही. एक मजला वर. ती रोज खाली येते, मी कधी वर गेले नाही. तिच्या घरात काय आहे ते मला फक्त छतातून ऐकू यायचं.

पहिल्यांदा वॉशिंग मशीन उतरलं. पुढून उघडणारं. मला वाटलं कुणा दुसऱ्याचं असेल. मग एसी, दोन माणसं धरून. दुपारी वरून यायची ती घरघर मी इतकी वर्षं जुन्या पंख्याची समजत होते. मग मोठा टीव्ही, नवा सोफा, पायांना मसाज करायचं यंत्र, चाकांच्या दोन बॅगा, विमानाचे कागदी पट्टे अजून लटकत असलेल्या. शेवटी एका पोराच्या हातात फ्रेम केलेला फोटो. बर्फात उभी नीलाताई, लाल कोट, गॉगल. माझ्यासमोरून तो फोटो गेला तेव्हा ती त्याच्या मागेच जिन्यावर उभी होती.

मी तिच्याकडे बघत राहिले. मला राग आला नाही, खरं सांगते. मी मनातल्या मनात मोजत होते. तेवढेच पैसे. एक बाई. तेवढेच पैसे. माझे रंगूबाईत, कॅथेटर-डायपरमध्ये, फिजिओत, दोनदा बदललेल्या खुर्चीत, येताना-जाताना दुप्पट मागणाऱ्या रिक्षात गेले, आणि तिच्याकडे त्याचा एसी झाला, कोट झाला, बर्फ झाला. रसिकाला जे मोजायचं होतं ते माझ्या दारासमोरून एकेक करून खाली उतरत होतं.

"नाशिक होय गं हे?" मी फोटोकडे बोट दाखवून विचारलं.

ती जिन्यावरच बसली. "तुझ्यासमोर कसं सांगू गं मी?" म्हणाली. "तू घराबाहेर पडत नाहीस. मी काश्मीरला जाऊन आले, हे तुझ्या टेबलाशी बसून, तुझ्या कपातला चहा पीत सांगू? माझी जीभ रेटेना, नीरू. त्या मुलीने विचारलं आणि माझ्या तोंडून नाहीच आलं. एक नाही म्हटलं, मग पुढचं सगळंच नाही झालं."

"आणि गच्चीवर?"

"गच्चीवर चाळीस माणसं होती. मी खोटी ठरले असते ते ठरले असते. पण मग त्यांनी तुझंही एकेक विचारलं असतं. कुठे जेवायला जातेस, फडके रोडला कधी गेलीस. मला माहीत नव्हतं का तू कुठे जात नाहीस ते? रोज दुपारी मी इथेच तर असते."

म्हणजे मला ती फसली असं वाटत होतं, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिचं मला माहीत नव्हतं, एवढाच फरक. आम्ही दोघी एकमेकींची लाज राखत बसलो होतो आणि मधे ती पोर इमानदारीने लिहून घेत होती.

नीलाताई रडत रडत तशीच उठली, हमालांना थांबवलं आणि त्र्यंबकरावांकडे गेली. सगळं सांगितलं तिने. ते म्हणाले, "नीलाताई, तेव्हा एसी नाही म्हणालात, आता आहे म्हणता. आम्ही कुठलं खरं धरायचं? आणि आता करार रजिस्टर झाला, सगळ्यांच्या सह्यांनी." सगळ्यांच्या, म्हणजे तुझ्याही.

मागच्या गल्लीतलं ते रुंद दारांचं घर या महिन्याच्या सुरुवातीलाच गेलं. एका क्लासवाल्याने घेतलं.

संध्याकाळी तुझं ते रंगीत पत्रक काढलं. पातेल्याच्या डागांनी त्यावरच्या फोन नंबरचा शेवटचा आकडा गेलाय. तो अंदाजाने फिरवला, तिसऱ्यांदा लागला. तीस मेला एक खाट रिकामी होतेय, तिथल्या बाई म्हणाल्या.

तू जिंकलास असं समजू नकोस. तुला तर खेळतोयस हेही माहीत नव्हतं.

नीरजा

---

कल्याणपलीकडून
५ ऑक्टोबर

चि. मुकुल,

आशीर्वाद. यावेळी राग नाही. तेवढं त्राणही नाही.

इथे बरं आहे. दारं रुंद आहेत, पायरी कुठेच नाही. दुपारी मी पाणी पिते. पहिल्या दिवशी दोनच्या सुमारास एका मुलीने समोर पेला धरला तेव्हा मी सवयीने नको म्हटलं, तर ती म्हणाली, "प्या की, मी आहे ना." मी प्यायले आणि मला रडू फुटलं. हे सगळं मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहिते.

बाकी काही राहिलं नाही. मंडळाने माझ्या जागी दुसरी ठेवली. एका खोलीत आम्ही सहाजणी, टीव्ही दिवसभर चालू, फोनवर मुलीची आई म्हणायची, मागे कसला आवाज येतोय हो? जुळत आलेली दोन लग्नं त्यात मोडली. माझं कपाट म्हणजे खाटेखालची पेटी. नीलाताई एकदा येऊन गेली, रिक्षा, गाडी, परत रिक्षा करत. येताना ताक आणलं होतं, ते वाटेत आंबलं. दोघी जरा वेळ बसलो. पूर्वी दुपार पुरायची नाही आम्हाला, आता बोलायला सापडेना. ती परत येईल असं वाटत नाही आणि तिला मी बोलावणारही नाही. रंगूबाईला दुसरं काम मिळालं, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

काल रसिकाचा फोन आला होता. त्यांची दुसरी फेरी सुरू झालीय, त्याच घरांना तेच प्रश्न परत विचारतात. डोंबिवलीत गेली तर बिल्डिंगभोवती पत्रे ठोकलेले. मला म्हणाली, "ताई, नवा पत्ता द्या, मी येते." मला इतका आनंद झाला, काय सांगू. ठरवलं, की यावेळी एकही गोष्ट झाकायची नाही. पाणी, डायपर, सोफा, सगळं सांगायचं, इथल्या पाचजणींसमोर सांगायचं. पत्ता दिला. तिने तो परत एकदा सांगायला लावला.

मग म्हणाली, "ताई, संस्थेत राहणारी माणसं आमच्या पाहणीत येत नाहीत. ती फक्त घरांची असते."

मी विचारलं, मग माझं काय? म्हणाली, तुमची जोडी रद्द करावी लागेल. नीलाताईंचंही नाव जाईल, एकट्या घराचा उपयोग नसतो. मी म्हटलं, निदान जुनी उत्तरं तरी सुधार, ती खोटी होती. तर म्हणाली, रद्द झालेल्या जोडीत काही बदलता येत नाही. मग तीच म्हणाली, "मी तुम्हाला वेगवेगळं विचारायला हवं होतं, ताई. तुम्ही दोघी इतक्या छान बसला होतात, मला उठवावंसं वाटलं नाही." मीच तर बसवलं होतं तिला.

तेव्हा आता माझा जादा खर्च खरोखरच शून्य झाला. कागदावर मी कुठे नाहीच.

रात्रभर ती उत्तरं एकेक करून आठवत होते. बाहेर जेवायला जाते, कपडे घेते, पाहुण्यांकडे जाते. त्यातलं आता काही खरं होण्यासारखं नाही. एकच आहे. तुला आठवतं, ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवाळीला तू मला फडके रोडला घेऊन गेला होतास? गणपतीच्या देवळापाशी एवढी गर्दी, की चाक अडकलं, तर तू आणि तुझ्या मित्राने खुर्ची माझ्यासकट उचलली होतीत. वरून मला सगळा रस्ता दिसला होता, सगळे नवे कपडे, गजरे, फोटो काढणारी पोरं. मी खाली उतरव म्हणून ओरडत होते आणि तू हसत होतास. त्यानंतर मी गेलेली नाही.

वीस तारखेला नरकचतुर्दशी आहे. सकाळी ये. मला फडके रोडला ने. तासाभराने परत आणून सोड, बोलला नाहीस तरी चालेल. इथून बाहेर न्यायला जवळच्या नातेवाइकाची सही लागते, पण तिची मला काळजी नाही. सही तू वेळेवर करतोस.

तुझी,
ताई